१६ पैकी १४! एसईसी खरंच एवढी भारी आहे का?

अलाबामाकर | १७ मार्च २०२५

काल संध्याकाळी एनसीएएने (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना) पुरुषांच्या बास्केटबॉल स्पर्धेचा तक्ता जाहीर केला आणि आज आमच्या ऑफिसात कामाच्या नावाने शंख आहे. ६८ संघांत एकट्या साउथईस्टर्न कॉन्फरन्सचे, म्हणजे एसईसीचे, १४ संघ. कॉन्फरन्समध्ये आहेतच मुळी १६. याआधीचा विक्रम ११ चा होता, बिग ईस्ट या दुसऱ्या कॉन्फरन्सचा, २०११ सालचा.

मी बर्मिंगहॅमला राहतो (अलाबामातलं. एसईसीचं मुख्यालय इथेच आहे). लेक ऑबर्नला शिकते (तेही एसईसीतलंच विद्यापीठ), त्यामुळे घरात काय बोलायचं ते ठरलेलं आहे. मनातलं इथे लिहितो. टेक्सासचा संघ एसईसीच्या सामन्यांत ६-१२. ओक्लाहोमाही ६-१२. अठरापैकी बारा सामने हरलेल्यांना राष्ट्रीय स्पर्धेचं आवतण? बाहेर राहिले फक्त एलएसयू (३-१५) आणि साउथ कॅरोलिना (२-१६). म्हणजे आत जायला काय करावं लागतं यापेक्षा बाहेर राहायला काय करावं लागतं हे सांगणं सोपं झालंय.

तर प्रश्न असा, की ही कॉन्फरन्स खरोखर इतकी तगडी आहे, की मोजण्याची पद्धतच अशी आहे की एकदा आत शिरलेला बाहेर पडतच नाही? मोसम पाहिलेल्यांनी लिहा. न पाहिलेलेही लिहितीलच.

खडूस | १७ मार्च

लेक ऑबर्नला, फी ऑबर्नला आणि शंका इथे. वहिनींना धाग्याची लिंक पाठवू का?

नवखा_पांथस्थ | १७ मार्च

मी न पाहिलेल्यांपैकी. कॉन्फरन्स म्हणजे नक्की काय? आपल्याकडच्या पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ स्पर्धेसारखं काही?

आकडेमोड | १७ मार्च

@नवखा, विभागासारखं, पण विभाग कुणीतरी वरून आखून देतं. कॉन्फरन्स म्हणजे विद्यापीठांनी आपापसात केलेला संघ. एसईसी १९३२ ची, मूळ जोर फुटबॉलवर. टेक्सास आणि ओक्लाहोमा गेल्या वर्षीच आत आले, टीव्हीच्या पैशाच्या ओढीने. भूगोलाशी संबंध जेमतेम उरलाय.

पहिल्या वर्गात साडेतीनशेहून जास्त संघ आहेत. नोव्हेंबर-डिसेंबरात कुणीही कुणाशीही खेळतं. जानेवारीपासून आपापल्या कॉन्फरन्समध्ये. एसईसीत प्रत्येकाला १८ सामने, म्हणजे १५ प्रतिस्पर्ध्यांशी एकेकदा आणि त्यातल्या तिघांशी दुसऱ्यांदा. मग नॅशव्हिलला कॉन्फरन्सची बाद फेरीची स्पर्धा. तिथला विजेता थेट राष्ट्रीय स्पर्धेत जातो. असे ३१ कॉन्फरन्सचे ३१ विजेते, उरलेल्या ३७ जागा एक समिती भरते. ३१ मधली एक जागा फ्लोरिडाने घेतली. उरलेले १३ संघ समितीने निवडले.

आता मूळ प्रश्न. यंदा एसईसीने बाहेरच्यांशी खेळलेल्या सामन्यांचा हिशोब १८५ जिंकले, २३ हरले. डिसेंबरात एसीसीशी (अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स) १६ सामन्यांची जुगलबंदी झाली, त्यात एसईसी १४-२. एसीसीतर्फे जिंकले फक्त ड्यूक आणि क्लेमसन. यापुढे पद्धतीची चर्चा कशाला?

खडूस | १७ मार्च

आकडेमोडराव, १८५ त चिल्लर किती ते सांगा. नोव्हेंबरात मोठी विद्यापीठं पैसे मोजून छोट्यांना घरी बोलावतात, तीस-चाळीस गुणांनी धुतात आणि चेक देऊन बस भरून परत पाठवतात. एसीसीचे १६ सामने मान्य. पण तो डिसेंबर. त्यानंतर जानेवारी ते मार्च हे १६ जण आपापसातच खेळले. एकूण सामने १४४, म्हणजे विजय १४४ आणि पराभव १४४, कुणी कुणालाही हरवो. डिसेंबरात ठरलेला भाव तसाच गोठून राहतो. वर त्यांची ती ‘नेट’ क्रमवारी अशी की पहिल्या ७५ तल्या संघाकडे त्यांच्या घरी जाऊन सामना खेळलात की तो ‘क्वाड्रंट वन’चा. जिंकलात तर तुरा, हरलात तर ‘चांगला पराभव’!

शाळेत ‘अ’ तुकडीतला शेवटून तिसरा मुलगा ‘क’ तुकडीतल्या पहिल्यापेक्षा हुशार, असं हेडमास्तर धरून चालायचे. कुणी दोघांना एका बाकावर बसवून पेपर मात्र दिला नाही.

नाना८५ | १७ मार्च

पेपर परवापासूनच आहे की! डेटनला टेक्सास विरुद्ध झेव्हियर.

खडूस, मी ऐंशीच्या दशकात सिरॅक्यूजला शिकायला होतो, म्हणजे बिग ईस्टच्या ऐन भरात. १९८५ साली शेवटच्या चारांत आमच्या कॉन्फरन्सचे तीन संघ, जॉर्जटाउन, सेंट जॉन्स आणि व्हिलानोव्हा. जिंकलं कोण? व्हिलानोव्हा, ज्यांचा कॉन्फरन्समधला हिशोब ९-७ होता! आठवं मानांकन, आजवर त्याहून खालचं मानांकन असलेला कुणी जिंकलेला नाही. अंतिम सामन्यात २८ पैकी २२ फेकी आत. तेव्हा या स्पर्धेत शॉट क्लॉक (ठरलेल्या सेकंदांत फेक करायची सक्ती) नव्हतं, त्यामुळे हवा तेवढा वेळ चेंडू फिरवत बसायचे आणि समोरचा जॉर्जटाउनचा पॅट्रिक यूइंग नुसता बघत राहायचा. ६६-६४.

२०११ ला पुन्हा तेच. युकॉन (कनेक्टिकट विद्यापीठ) बिग ईस्टमध्ये ९-९. मग मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाच दिवसांत पाच सामने जिंकले आणि शेवटी राष्ट्रीय विजेतेपद. त्यांच्या केंबा वॉकरने पोरांना अक्षरशः ओढत नेलं. तेव्हा कॉन्फरन्सच्या तक्त्यावर फार विसंबू नका. पण हेही सांगतो, त्या २०११ च्या ११ पैकी शेवटच्या १६ त पोहोचले दोनच. उरलेल्या नऊ जणांचा बोभाटा फार झाला होता.

मृद्गंधा | १७ मार्च

नाना, तो ८५ चा सामना आमच्या गावात झालेला, लेक्सिंग्टनच्या रप अरीनात. इथले म्हातारे अजून सांगतात.

आम्हा केंटकीवाल्यांना यंदाचा मोसम वेगळ्याच कारणाने लक्षात राहील. जॉन कॅलिपारी पंधरा वर्षं इथे कोच, २०१२ चं विजेतेपद त्यांचंच. गेल्या एप्रिलात उठले आणि गेले अर्कान्सासला. त्याच कॉन्फरन्समध्ये! १ फेब्रुवारीला ते रपमध्ये परत आले तेव्हा काय हुर्यो झाली, विचारू नका. माझ्या शेजारच्या काकू, एरवी रविवारी चर्चला जाणाऱ्या, दोन्ही हात तोंडाशी लावून ‘बू’ करत होत्या. आणि अर्कान्सास जिंकलं, ८९-७९. ज्या संघाने कॉन्फरन्समधले पहिले पाचही सामने गमावले होते त्याने. काकू दोन दिवस बोलल्या नाहीत.

खडूस म्हणतात तशी ही आपापसातली वाटणी असेल, पण जानेवारीनंतर एकही रात्र सोपी नव्हती. टेनेसी नंबर एक असताना, एकही सामना न हरता गेन्सव्हिलला, फ्लोरिडाच्या घरी, गेले आणि तीस गुणांनी हरून आले. हे कुठल्या पुस्तकात बसतं?

गेटरकाका | १८ मार्च

आम्हा गेटरांच्या, म्हणजे फ्लोरिडावाल्यांच्या, पुस्तकात बसतं. ७३-४३. ७ जानेवारी. पान फाडून फ्रिजवर लावलंय.

अलाबामाकर | १८ मार्च

काका आले! काका, तुम्ही लोक ऑबर्नला आमच्या घरी येऊन ९०-८१ जिंकून गेलात, ते मी अजून विसरलेलो नाही. त्यानंतर आठवड्यात आम्ही अलाबामाच्या घरी, टस्कलूसाला गेलो. ऑबर्न एक नंबर, अलाबामा दोन नंबर, एसईसीच्या इतिहासात एक विरुद्ध दोन पहिल्यांदाच. ९४-८५, आम्ही. लेकीच्या होस्टेलवर रात्रभर कुणी झोपलं नाही. मग शेवटच्या सामन्यात अलाबामाने आमच्या घरी येऊन जादा वेळेत मार्क सिअर्सच्या शेवटच्या फेकीवर उट्टं काढलं. ९३-९१. तेव्हा तिचा फोन आला नाही.

खडूस | १८ मार्च

‘आम्ही गेलो’, ‘आम्ही जिंकलो’. धागा काढला तेव्हा शंकेखोर, दुसऱ्या दिवशी भक्त.

सुटलेला_रिबाउंड | १८ मार्च

थोडं अवांतर. मी पुण्यात कॉलेजकडून आणि नंतर विद्यापीठाकडून खेळलोय. आमचा ‘मोसम’ म्हणजे आंतरमहाविद्यालयीन सामने, ते संपले की विभागीय स्पर्धा आणि नशीब असेल तर अखिल भारतीय. बाद फेरी असली की एक वाईट दुपार आणि वर्ष संपलं. सिमेंटचं कोर्ट, गुडघे सोललेले, प्रेक्षक म्हणजे पुढच्या सामन्याचे खेळाडू. मुंबईच्या संघाशी गाठ पडली की त्यांच्यात नागपाड्याची पोरं किती ते आधी मोजायचो. दोनच्या वर असली की आमचे सर ड्रेसिंग रूममध्ये भाषण द्यायचे नाहीत, नुसतं ‘चला’ म्हणायचे. त्या मस्तान वायएमसीएच्या एवढ्याशा मैदानाने किती राष्ट्रीय खेळाडू दिलेत!

सांगायचा मुद्दा, अठरा सामने ही चैन आहे. हरून शिकायला मिळतं. पाच हरून सुरुवात केली तरी फेब्रुवारीत सावरता येतं. म्हणून मला तो ६-१२ चा आकडा तितकासा हास्यास्पद वाटत नाही.

नवखा_पांथस्थ | १८ मार्च

नागपाड्यावर वेगळा धागा काढा ना. नक्की वाचेन.

खडूस | १८ मार्च

सुटलेला_रिबाउंड, ६-१२ हास्यास्पद नाही, अन्यायाचा आहे. एसीसीत एसएमयू (सदर्न मेथडिस्ट विद्यापीठ) आणि वेक फॉरेस्ट दोघेही १३-७. दोघेही घरी. अठरा संघांच्या एसीसीचे चारच घेतले. वेस्ट व्हर्जिनियाला वगळलं तर तिथल्या गव्हर्नरांनी पत्रकार परिषद घेऊन चौकशी लावलीय. हसू नका, खरं आहे. आणि निवड समितीचे अध्यक्ष कोण, तर नॉर्थ कॅरोलिनाचे क्रीडा संचालक, ज्यांचा स्वतःचा संघ शेवटच्या चार निवडींत बसला. (त्या चर्चेच्या वेळी ते नियमाप्रमाणे बाहेर थांबले होते म्हणे.)

आकडेमोड | १८ मार्च

मग नॉर्थ कॅरोलिनावर बोला, टेक्सासवर राग का? टेक्सासने कॉन्फरन्समध्ये हरवलेल्यांत केंटकी, टेक्सास ए अँड एम आणि मिसिसिपी स्टेट आहेत. वेक फॉरेस्टचे तेरा विजय कुणावर आहेत ते एकदा पाहा.

मृद्गंधा | १८ मार्च

टेक्सासने आम्हाला हरवलं हे इतक्या जाहीरपणे सांगायची गरज होती का?

खडूस | २० मार्च

झेव्हियर ८६, टेक्सास ८०. ‘अ’ तुकडीचा पहिला पेपर तपासून झाला. 🙂

आकडेमोड | २० मार्च

तेरा बाकी आहेत.

नाना८५ | २४ मार्च

पहिला शनिवार-रविवार संपला. आता वाद घाला, कारण माझ्या हातात जो हिशोब आलाय तो दोघांनाही पुरणारा आहे.

१४ पैकी सहा संघ पहिलाच सामना हरले. टेक्सास, ओक्लाहोमा, जॉर्जिया, व्हँडरबिल्ट, मिसिसिपी स्टेट आणि मिझुरी. उरलेले आठ जिंकले. त्या आठांपैकी दुसऱ्या फेरीत हरलं एकच, टेक्सास ए अँड एम. म्हणजे शेवटच्या १६ त एसईसीचे सात. हाही विक्रम, आधीचा एसीसीचा सहाचा, २०१६ चा.

एकीकडे सहा जणांना एकही सामना जिंकता आला नाही, दुसरीकडे उरलेल्यांना जवळजवळ कुणी हात लावू शकलं नाही. मधलं काहीच नाही. असा तक्ता मी आजवर पाहिला नव्हता.

खडूस | २४ मार्च

माझंच म्हणणं सिद्ध झालं. वरचे सात-आठ खरे, खालचे सहा त्यांच्या सावलीत उभे होते. वरच्यांशी हरून हरून त्यांचा भाव वाढला.

सुटलेला_रिबाउंड | २४ मार्च

मग अर्कान्सासचं काय? कॉन्फरन्समध्ये ८-१०. तुमच्या हिशोबाने तेही सावलीतलेच. त्यांनी कॅन्ससला काढलं आणि मग दुसऱ्या मानांकनाच्या सेंट जॉन्सला, म्हणजे बिग ईस्टच्या विजेत्याला, ७५-६६. उलट मिझुरी १०-८, सहावं मानांकन, आणि ड्रेककडून हरले. रेघ इतकी सरळ नाही ओढता येत.

मृद्गंधा | २४ मार्च

आणि सेंट जॉन्सचे कोच कोण? रिक पिटिनो. म्हणजे केंटकीचे माजी कोच विरुद्ध केंटकीचे माजी कोच, आणि आमचे सध्याचे कोच मार्क पोप १९९६ ला पिटिनोंच्याच हाताखाली केंटकीकडून खेळलेले. आम्ही सगळ्या अमेरिकेला कोच पुरवतो. शुक्रवारी टेनेसीशी सामना आहे, यंदा दोनदा हरवलंय त्यांना.

मृद्गंधा | २९ मार्च

६५-७८. तिसऱ्यांदा नाही जमलं. मी आता या धाग्यावर फक्त वाचायला येणार.

गेटरकाका | ३१ मार्च

मृद्गंधाताई, वाचायला का होईना, या. शेवटच्या आठांत एसईसीचे चार होते. टेनेसीला ह्यूस्टनने ५० गुणांवर रोखलं, अलाबामाला ड्यूकने हरवलं. (त्याआधीच्या सामन्यात अलाबामाने बीवाययूवर (ब्रिगहॅम यंग विद्यापीठ) २५ थ्री, म्हणजे लांबून तीन गुणांच्या फेकी, टाकले होते, स्पर्धेचा विक्रम. दोन दिवसांत हात गारठला.) ऑबर्न आणि फ्लोरिडा सुटले. आमचा टेक्सास टेकशी सामना बघताना तर मी उठून अंगणात गेलो होतो. तीनेक मिनिटं उरली असताना नऊने मागे. बायको आतून ओरडली, ‘अहो, आपला क्लेटन टाकतोय!’ म्हणून परत आलो. ८४-७९.

आता शनिवारी सॅन अँटोनियोत फ्लोरिडा-ऑबर्न. शेवटच्या चारांत चारही पहिल्या मानांकनाचे, २००८ नंतर पहिल्यांदाच. अलाबामाकर, तयार राहा.

खडूस | ३१ मार्च

एक विचारतो. फ्लोरिडाचा क्लेटन आधी आयोनाला होता. अलायजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकला, तिथून २०२३ ला फायनल फोरही (शेवटचे चार) खेळून आला. विल रिचर्ड बेल्माँटचा. ऑबर्नचा ब्रूम मोरहेड स्टेटचा. ही कॉन्फरन्स भारी आहे, की छोट्या कॉन्फरन्सनी घडवलेली पोरं पैसे टाकून उचलणारी आहे?

आकडेमोड | १ एप्रिल

हा तुमचा या धाग्यावरचा सगळ्यात चांगला प्रश्न. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात आणि आता विद्यापीठ बदललं तरी एक वर्ष बाकावर बसावं लागत नाही. फुटबॉलच्या पैशाने भरलेल्या विद्यापीठांनी त्याचा फायदा उठवला, हे उघड आहे. पण पैसा बिग टेन कॉन्फरन्सकडेही आहे. एसईसीने वेगळं केलं ते कोचांवर. ब्रूस पर्ल, नेट ओट्स, रिक बार्न्स, टॉड गोल्डन, आता कॅलिपारी. पूर्वी या कॉन्फरन्समध्ये केंटकी एक आणि बाकीचे फुटबॉलचा मोसम संपेपर्यंत वेळ काढणारे, असं होतं. गोल्डन तर एकेकाळी ऑबर्नला पर्ल यांच्याच हाताखाली होते. शनिवारी गुरु-शिष्य समोरासमोर.

आणि मोरहेड स्टेटने ब्रूमला घडवलं याचं श्रेय त्यांना कुठल्याच तक्त्यात मिळत नाही, हे मान्य.

सुटलेला_रिबाउंड | १ एप्रिल

छोट्या कॉलेजांचा आणखी एक तोटा. त्यांचा संघ दर वर्षी नवा. नाना सांगतात तसे चार वर्षं एकत्र खेळलेले व्हिलानोव्हा आता दिसणार नाहीत. जिंकायचे तर पोरं बावीस-तेवीस वर्षांची हवीत, आणि ती एकाच ठिकाणी टिकत नाहीत.

अलाबामाकर | ६ एप्रिल

७३-७९. क्लेटन ३४ गुण. पुढे लिहवत नाही. काका, अभिनंदन.

गेटरकाका | ८ एप्रिल

फ्लोरिडा ६५, ह्यूस्टन ६३!!!

उत्तरार्धात बारा गुणांनी मागे होतो. क्लेटनचा पूर्वार्धात भोपळा, शेवटी त्याचे ११ झाले ते सगळे मध्यंतरानंतर. आणि शेवटचा डाव तर त्याने गुण न करता जिंकून दिला. ह्यूस्टनचा शार्प थ्रीसाठी उडाला, क्लेटन समोर झेपावला. शार्पला हवेतच कळलं की फेक अडणार, म्हणून त्याने चेंडू खाली सोडला. आता त्यानेच आधी उचलला तर ट्रॅव्हल, म्हणजे नियमभंग आणि चेंडू आमच्याकडे. चेंडू टप्पे खातोय, शार्प शेजारी उभा, हात लावता येत नाही, घड्याळ चालू. तेवढ्यात आमच्या काँडनने जमिनीवर झोकून दिलं. २००६ आणि २००७ नंतर तिसरं विजेतेपद. गोल्डन ३९ वर्षांचे, १९८३ च्या जिम व्हॅल्व्हानोनंतरचे सर्वांत तरुण विजेते कोच.

मंगळवारी सुट्टी टाकली आहे. साहेबही गेटरच आहेत.

नवखा_पांथस्थ | ८ एप्रिल

आज सकाळी ऑफिसला जाताना लोकलमध्ये मोबाइलवर शेवटची पाच मिनिटं पाहिली. ट्रॅव्हलचा नियम या धाग्यामुळे कळला. शेजारचे काका विचारत होते, चेंडू उचलत का नाही तो?

अलाबामाकर | ९ एप्रिल

आता शांत डोक्याने. विजेता एसईसीचा, शेवटच्या चारांत दोन, आठांत चार, सोळांत सात. आणि तरी सहा जण पहिल्याच सामन्यात गारद. माझं मत: कॉन्फरन्स निर्विवाद भारी, १४ हा आकडा मात्र जास्तच. दहा-अकरा पुरे होते. ओक्लाहोमाने युकॉनला चांगली लढत दिली, पण टेक्सासच्या जागी दुसरं कुणी गेलं असतं तर स्पर्धेचं काही बिघडलं नसतं.

आकडेमोड | ९ एप्रिल

एका सामन्यावरून जागा ठरवायच्या नसतात, व्हँडरबिल्ट तीन गुणांनी हरले आणि मिसिसिपी स्टेटही तीनच गुणांनी. पण दहा-अकरावर मी तडजोड करायला तयार आहे. बारा म्हणा.

खडूस | ९ एप्रिल

अकरा. बारावा मागितलात तर वेक फॉरेस्टचा धागा काढीन.

मृद्गंधा | १० एप्रिल

वाचतच होते, एक राहवलं नाही म्हणून लिहिते. बाहेर ठेवलेली साउथ कॅरोलिना, २-१६ वाली, आठवते? जानेवारीत त्यांच्या घरी ऑबर्न कसंबसं ६६-६३ जिंकलं आणि दहा-अकरा दिवसांनी फ्लोरिडा ७०-६९. काका, फ्रिजवर ते पान दिसत नाही?

गेटरकाका | १० एप्रिल

फ्रिज छोटा आहे हो आमचा.